गजेंद्राचे पातेले

मी एक जुने पितळेचे पातेले आहे. बडोद्याच्या मांजलपुरात, एका सोसायटीतल्या घराच्या मागच्या ओट्यावर, नळाशेजारी पालथे पडलेले असते. माझा तळ जाड आहे, काठ एका ठिकाणी चेपला आहे आणि पोटातली कल्हई आता ढगाळ आभाळासारखी दिसते. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे मात्र अजून वाचता येतात : 'चि. कमळा हिस आईकडून'. मित्रांनो, माझी इस्टेट म्हणाल तर एवढीच. पण मी आयुष्यभर कीर्तने ऐकली आहेत, तेव्हा माझी कथाही मी त्याच चालीने सांगणार. आधी थोडा पूर्वरंग, मग आख्यान. मधेच उठून जाऊ नका, प्रसाद शेवटी असतो.

मांडवीजवळच्या एका कंसाऱ्याने मला घडवले. कंसारा म्हणजे तांब्यापितळेची भांडी ठोकणारा. मला ठोकताना तो शेजाऱ्याशी गप्पा मारत होता, म्हणून माझ्या एका अंगाला हातोडीचे ठसे दाट आहेत आणि दुसऱ्या अंगाला विरळ. कमळाबाईंच्या आईने मला लग्नाच्या रुखवतात मांडले आणि मी कमळाबाईंबरोबर त्यांच्या सासरी आले. सासर लष्करी बाण्याचे. फत्तेसिंहरावांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. फत्तेसिंहराव स्वतः रेल्वेत नोकरीला होते, पण मिशा त्यांनी घोडदळाच्याच ठेवल्या होत्या.

त्या घरात दर रविवारी मटण शिजे. त्यासाठी वेगळे पातेले होते, काळे, बुटके, हसतमुख. फळीवर ते माझ्या शेजारी बसे. मी गोडाधोडाचे आणि ते तिखटाचे. आमचे बरे चालले होते.

मग एका सकाळी फत्तेसिंहराव दाढी करता करता छातीला हात लावून खाली बसले. त्यांना दवाखान्यात नेले. कमळाबाई देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांना परत आण. मी तुझी माळ घालीन. या घरात पुन्हा मांस-अंडं शिजणार नाही."

फत्तेसिंहराव परत आले. कमळाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आली. आणि एका दुपारी माझा काळा शेजारी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला. तो जाताना झालेला आवाज माझ्या तळाशी अजून आहे. नवस म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

फत्तेसिंहराव मात्र अधूनमधून कुरकुरत. "माझ्या जिवासाठी नवस बोललीस, ठीक आहे. पण बोलताना माझ्या जिभेला विचारायचंस तरी."

"जीभ दवाखान्यात बंद होती तुमची," कमळाबाई म्हणत.

त्यानंतरची वर्षे माझ्या वैभवाची. गल्लीच्या टोकाला दत्ताचे लहानसे मंदिर आहे. तिथे दर गुरुवारी हेरंबबुवांचे कीर्तन असे, आणि त्याचा प्रसाद माझ्यात शिजे. तुपात खमंग भाजलेला रवा, दूध, साखर आणि मूठभर बेदाणे. कमळाबाई मला फडक्यात बांधून मंदिरात नेत आणि खांबाशी ठेवत. बुवा चिपळ्या वाजवत उभे राहिले, पेटीने सूर धरला की मी शिऱ्याची वाफ धरून गप्प बसे. किती आख्याने ऐकली म्हणून सांगू! लोक म्हणत, "या पातेल्यातल्या शिऱ्याला वेगळीच चव आहे." मला अभिमान वाटे. पितळेलाही तो होतो, मित्रांनो.

आता आख्यान.

ते दिवस बदलाचे होते. घरोघरी केबल आली होती, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे येत होती. कमळाबाईंचा मुलगा समरजित तिथेच एका कारखान्यात इंजिनियर होता. त्याच्या साहेबाच्या अल्सेशियन कुत्रीला पिले झाली. त्यातले एक समरजित शर्टात घालून स्कूटरवरून घरी घेऊन आला. दिवस गुरुवारचा होता. बुवांनी त्या संध्याकाळी मगरीने पाय धरलेल्या हत्तीचे आख्यान लावले होते, आणि कमळाबाई डोळे पुसतच घरी आल्या होत्या. दारात पाहतात तो एक काळे-पिवळे पिलू, पाय शरीराच्या मानाने भलतेच मोठे.

"हा तर गजेंद्र," त्या म्हणाल्या. तेच नाव पडले.

गजेंद्राला कमळाबाईंनी जीव लावला तो पोटच्या पोरासारखा. सकाळी दूध-पोळी, दुपारी वरणभात, वर साजूक तुपाची धार. गुरुवारी तो त्यांच्यामागून मंदिरात येई, पायरीखाली बसे आणि कीर्तन संपेपर्यंत हलत नसे. मग त्याला माझ्या तळाचा शिरा मिळे, बेदाण्यांसकट. एकादशीला कमळाबाई साबुदाण्याची खिचडी करत, तेव्हा गजेंद्रालाही तीच. शेजारच्या गुजराती आजींना सगळे 'बा' म्हणत. त्या कौतुकाने हात जोडत. "आ तो कूतरो नथी, भगत छे," म्हणजे हा कुत्रा नव्हे, भक्त आहे. कमळाबाईंचा चेहरा उजळे. मागच्या जन्मीचा कोणी टाळकरी आपल्या दारी आला आहे असे त्यांना मनापासून वाटे.

आणि मित्रांनो, भक्त दिवसेंदिवस वाळत चालला होता.

प्रथम त्याच्या केसांची चमक गेली. मग तो ओट्यापलीकडची चुन्याची भिंत चाटू लागला. रोज त्याच जागी चाटी, तिथे भिंतीला ओली खळगी पडली. मी समोरच नळाखाली असे, मला ते दिसत होते. पण पातेल्याला तोंड असले तरी बोलता येत नाही. मोठा होईल तसे त्याचे पुढचे पाय सरळ होण्याऐवजी बाहेरच्या बाजूला वाकू लागले.

"घोडदळाच्या घरात हलवायासारखं चालणारं जनावर," फत्तेसिंहराव म्हणाले. "कमळ, याला काहीतरी कमी पडतंय."

"कमी? माझ्या ताटातलं काढून देते त्याला," कमळाबाई म्हणाल्या. "दृष्ट लागलीय. सगळी सोसायटी नावाजते ना." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

दिवाळी सरली. पुढच्या व्हरांड्यात झोपाळा आहे, त्यावर समरजित पेपर वाचत बसला होता आणि गजेंद्र त्याच्या शेजारी. फाटकाशी खारूताई दिसली. गजेंद्राने झोपाळ्यावरून उडी मारली. उंची ती काय, गुडघाभर. पण फरशीवर पाय टेकताच काडी मोडावी तसा आवाज झाला, आणि त्यानंतर जे ओरडणे झाले ते मी मागच्या ओट्यावर ऐकले.

आमच्याच सोसायटीत जनावरांच्या डॉक्टर राहत, निरुपमाबेन. समरजितने गजेंद्राला रिक्षातून त्यांच्या दवाखान्यात नेले. तो परत आला तेव्हा पुढचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. संध्याकाळी निरुपमाबेन स्वतः घरी आल्या आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नुकतेच घासून ओट्यावर ठेवलेले होते.

"जुओ काकी, बघा, हाड पडून मोडलं नाही. ते आधीच कच्चं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी गुजराती, पण मराठी त्या छान बोलत. "हा काय खातो?"

कमळाबाईंनी सगळे सांगितले. एकादशीची खिचडीही सांगितली.

"पोट भरतं त्याचं, शरीर भरत नाही," निरुपमाबेन म्हणाल्या. " एवढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या पिलाला मांस-अंड्यातली ताकद लागते, हाडाला कॅल्शियम लागतं. दूध-पोळीनं ते होत नाही. रोज अंडं द्या, थोडा खिमा द्या. त्याच्याबरोबर भात, भाजी, सगळं मापात. उद्यापासून."

"या घरात ते शिजत नाही," कमळाबाई म्हणाल्या. त्यांचा हात माळेवर गेला होता.

"काकी, मी स्वतः अंडं खात नाही. पण कुत्र्याचं पोट माझ्या धर्माचं नाही ना."

"पनीर चालेल? दही? सोयाबीन?"

"मोठा धडधाकट कुत्रा असता तर बसून हिशेब जमवला असता. याच्याकडे वेळ नाही. हाड जुळलं नाही किंवा दुसरा पाय मोडला, तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "दत्तजयंतीच्या सुमाराला प्लास्टर काढू. तोवर काय खातो त्यावर आहे सगळं."

त्या गेल्या. समरजित म्हणाला, "आई, सावली गावाला माझ्या मित्राचं शेत आहे. त्यांच्याकडे सगळं खातात. गजूला तिकडे पाठवू. निदान जगेल."

"प्लास्टर बांधलेलं लेकरू परक्याच्या शेतावर?"

"मग तू शिजव."

"आणि तुझ्या वडलांना काही झालं तर?"

कमळाबाईंच्या मनात ते दोन जीव एकाच दोरीला बांधलेले होते. एक ओढला की दुसरा सुटणार. "रविवारी जीप बोलावतो," एवढेच समरजित म्हणाला.

गजेंद्र व्हरांड्यात पोत्यावर पडून होता. कमळाबाईंनी समोर ठेवलेले दूध त्याने हुंगले आणि मान फिरवली. त्याला भूक होती, पण ती दुधाची नव्हती.

आता ऐका, मगर कुठून आली ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाबाई तुळशीच्या लग्नाच्या तयारीला मंदिरात गेल्या. समरजित कारखान्यात. फत्तेसिंहरावांनी हळूच सायकल काढली. परत आले तेव्हा हँडलला पिशवी होती, आणि पिशवीत एका खानावळीतून बांधून घेतलेले मटण. लाल तर्रीचे, कांदा-लसणाच्या वाटणात न्हालेले. गजेंद्राने पडल्या जागी नाक वर केले.

"थांब बेटा, थांब," फत्तेसिंहराव म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. हे औषध आहे."

त्यांनी भांडे शोधले. हाताशी मी होते.

मित्रांनो, माझ्या पोटात आजवर रवा भाजला गेला होता, बासुंदी आटली होती. त्या दुपारी गरम तर्री माझ्या कल्हईवर पसरली आणि मला फळीवरचा काळा शेजारी आठवला. फत्तेसिंहरावांनी पाव कुस्करला, रस्सा कालवला, हाडे तशीच ठेवली आणि मला गजेंद्रापुढे सरकवले. तो खाऊ लागला. असा खाऊ लागला की फत्तेसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी आपली बोटे पाहिली, इकडेतिकडे पाहिले, आणि चाटली.

तासाभरात गजेंद्र ओकू लागला. आधी खाल्लेले, मग पिवळे पाणी, मग नुसतेच ढवळणे. प्लास्टरचा पाय फरशीवर आपटत होता आणि फत्तेसिंहराव तो दोन्ही हातांनी धरून बसले होते. कमळाबाई फाटकातून आत आल्या. त्यांनी गजेंद्राला पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. वास त्यांना आधीच आला होता.

त्या आल्या पावली निरुपमाबेनना बोलवायला गेल्या.

निरुपमाबेन धावत आल्या, त्यांनी इंजेक्शन दिले, हिरड्या पाहिल्या, माझ्यात डोकावून लाकडी चमच्याने तळ ढवळला. "कांदा, लसूण. काका, हे दोन्ही कुत्र्याला विषासारखे आहेत. रक्त खराब करतात. आणि शिजवलेल्या हाडाच्या कपच्या आतडं फाडतात. मिरची-तेल तर सोडाच." त्या कमळाबाईंकडे वळल्या. "आणि काकी, काल विचारायचं राहिलं. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे घालता?"

"घालते."

"तेही विष. मूत्रपिंडं जातात. नशीब म्हणायचं, थोडे पोटात गेले." त्यांनी सुई पेटीत ठेवली. "तुमच्या दोघांत कुणी दुष्ट नाही, हेच अवघड आहे. काकी सात्त्विक प्रेम करतात, काका तिखट प्रेम करतात, आणि मधे हा पडलाय. आता दोन-चार दिवस नजर ठेवा. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर लगेच बोलवा."

फत्तेसिंहराव मान खाली घालून बसले होते. मिशाही खाली आल्या होत्या.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. कमळाबाई घटकेघटकेला गजेंद्राचा ओठ उचलून हिरडी पाहत, आणि मग काहीतरी निमित्त काढून फत्तेसिंहरावांच्या खोलीत डोकावत. ते झोपलेले असले तर दारात उभ्या राहून छाती वरखाली होते की नाही ते पाहत. एकदा त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "आहे की गेलो?"

"गप्प पडा," कमळाबाई म्हणाल्या, आणि ओट्यावर येऊन रडल्या.

मला कोणी हात लावला नाही. तर्री माझ्यात वाळून गेली. गुरुवार उजाडला तसे कमळाबाईंनी मला पदराने धरून उचलले आणि पुढे फाटकाच्या आत, जमिनीवर नेऊन ठेवले. भंगारवाल्यासाठी. आईने दिलेले नाव काठावर होते. ते त्यांनी पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले.

त्या गुरुवारी प्रसाद गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हेरंबबुवा स्वतः चौकशीला आले. उंच, कृश, खांद्यावर उपरणे. ते झोपाळ्यावर बसले आणि पायाने मंद झोका घेऊ लागले. "काल शिरा नाही, कमळाबाई नाहीत. श्रोते माझं कीर्तन ऐकायला येतात हा माझा गैरसमज होता, तो काल फिटला," ते म्हणाले. "काय झालं?"

कमळाबाईंनी उभ्यानेच सगळे सांगितले. नवस, पाय, मटण, पातेले, रविवारची जीप. मी फाटकाशी पडून ऐकत होते. गल्लीच्या टोकाकडून हातगाडीची घंटा ऐकू येऊ लागली होती.

"नवस मोडला की शिक्षा होते ना, बुवा?" कमळाबाईंनी विचारले.

"नवस कुणी बोलला?"

"मी."

"गजेंद्रानं नाही?"

कमळाबाईंनी पोत्यावरच्या गजेंद्राकडे पाहिले.

"माळ तुमच्या गळ्यात आहे," बुवा म्हणाले. "त्याच्या गळ्यात पट्टा आहे. देवानं गाईला गवत दिलं, मुंगीला साखर दिली, तेव्हा कुणाला माळ घातली होती? तुम्ही तुमचं व्रत पाळा. त्याच्याकडून कशाला पाळून घेता?"

"पण शिजणार माझ्या घरात. माझ्या हातानं."

"ते मी सांगू शकत नाही. मी सांगितलं म्हणून केलंत, तर उद्या रावांना ठसका लागला तरी माझं नाव घ्याल. तसबिरीपुढे उभ्या राहून बोलला होतात ना? मग तिथेच जाऊन विचारा. आणि विचारताना त्याच्या पायाशी कोण बसलंय तेही एकदा बघा."

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, मित्रांनो. तुम्हीही पाहिली असतील. रोज फूल वाहणाऱ्या माणसालाही कधीकधी ती दिसत नाहीत.

"भंगार, पस्ती, पितळ, तांबू!" हातगाडी फाटकाशी आली. भंगारवाल्याने आत पाहिले, मला पाहिले, आणि वाकून हात घातला. त्याने मला उचलले. अंगठ्याने तळ दाबून जाडी पाहिली. माझे वजन त्याच्या हातात झुलत होते आणि तागडी समोर होती.

कमळाबाई आत गेल्या होत्या. देवघरात. बाहेर येईनात.

"काकी, आ आपवानुं छे ने?" तो ओरडला. द्यायचे आहे ना?

त्या आल्या. चालत नव्हे, जवळजवळ धावत. "ठेव ते खाली," त्या म्हणाल्या. "ते गजेंद्राचं आहे."

त्यांनी मला चिंच आणि राखेने घासले. इतके घासले की काठाखालची अक्षरे चमकली. मग फत्तेसिंहरावांना हाक मारली. "अहो, अंडी आणा. आणि धुतलेला साधा खिमा. खानावळीकडे बघायचंसुद्धा नाही."

मागच्या ओट्यावर वातीचा स्टोव्ह मांडला गेला. स्वयंपाकघर देवाचे आणि ओटा गजेंद्राचा, अशी वाटणी कमळाबाईंनी केली होती. निरुपमाबेन शेजारी पाट घेऊन बसल्या आणि त्यांनी वाटी हातात घेतली. खिमा आणि अंडे मिळून जेवढे, तेवढेच भात नि भाजी मिळून. भाजी म्हणजे दुधी किंवा लाल भोपळा, मऊ शिजलेला. चमचाभर तेल. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच. अंड्याची टरफले उन्हात वाळवून खलबत्त्यात पिठासारखी कुटायची, आणि ती पूड त्यांनी दाखवली तेवढीच, कारण कॅल्शियम जास्त झाले तरी हाडे बिघडतात. "हे माप याच्या वजनाचं, याच्या वयाचं," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "वाढेल तसं मी बदलून देईन. आपल्या मनानं नाही. काका, ऐकताय ना?"

"मी आता काही ऐकण्याच्याच लायकीचा," फत्तेसिंहराव म्हणाले.

पहिले अंडे कमळाबाईंनी हातात घेतले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. नामस्मरण चालले होते. खिमा मात्र फत्तेसिंहरावांनीच माझ्यात सोडला. वाफ येऊ लागली. त्यांनी नाक जरा पुढे केले आणि विचारले, "शिजला का, ते चमचाभर बघू?"

"गजेंद्राचा नवस नव्हता," कमळाबाई ढवळता ढवळता म्हणाल्या. "तुमचा चालू आहे."

समरजितने जीप पुढे ढकलली. रद्द केली नाही. "प्लास्टर निघेपर्यंत थांबतो. पाय धरला नाही तर तिकडेच पाठवायचा, आई. तिथं मोकळी जागा आहे, लंगडा तरी राहील." हे ऐकून कमळाबाईंनी मान हलवली.

रोज सकाळी स्टोव्ह पेटे, रोज माझ्यात तेच शिजे. मी मंदिरात जात नव्हते. गुरुवारी संध्याकाळी वाऱ्यावर चिपळ्यांचा आवाज येई आणि मी पालथे पडून ऐकत राही. नवे स्टीलचे पातेले शिरा घेऊन जाई. वाईट वाटले का? वाटले. पण गजेंद्राने भिंत चाटणे सोडले होते, आणि ते फक्त मी पाहिले होते. खळगी कोरडी पडली होती. हिरड्या गुलाबीच राहिल्या. फत्तेसिंहरावही सकाळी दाढी करताना गुणगुणत. कमळाबाई दोघांकडे पाहत, पण सुटकेचा श्वास टाकत नसत. अजून पाय बाकी होता.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी निरुपमाबेननी व्हरांड्यात प्लास्टर कापले. सावलीचा मित्र जीप घेऊन फाटकाशी आला होता, दोर आणि पोते सोबत घेऊन. मी गजेंद्राचे दुपारचे जेवण घेऊन पायरीवर होते. प्लास्टर निघाले. आतला पाय बारीक, पांढुरका दिसत होता. निरुपमाबेननी तो बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला.

"सोडा त्याला," त्या म्हणाल्या.

गजेंद्र उठला. डावा पाय जमिनीला लावला आणि उचलला. पुन्हा लावला. मग घसरून हनुवटीवर पडला. समरजितने जीपकडे पाहिले. कमळाबाईंनी पुढे होऊन मला उचलले, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले आणि तिथेच खाली बसल्या. हाक मारली नाही. चुचकारले नाही. नुसत्या बसल्या, एक हात माझ्या काठावर आणि दुसरा माळेवर.

गजेंद्र पुन्हा उठला. तीन पायांवर उभा राहिला. नाक हलले. मग त्याने चौथा पाय ठेवला, त्यावर भार दिला, आणि लंगडत, डोलत, हत्तीसारखा चालत माझ्यापाशी आला.

समरजितने बराच वेळ नाक पुसले. मग फाटकाशी जाऊन मित्राला म्हणाला, "चहा घे आणि जा बाबा. रिकामा जा."

दत्तजयंतीच्या संध्याकाळी गजेंद्राच्या जेवणाची वेळ आणि कीर्तनाची वेळ एकच आली. डॉक्टरांनी त्याला थोडे थोडे, वेळेवर द्यायला सांगितले होते. कमळाबाईंनी मला फडक्यात बांधले. फार दिवसांनी. गजेंद्र सावकाश चालत पायरीपर्यंत आला. कमळाबाईंनी मला मंदिरात नेले नाही, बाहेर पायरीखाली ठेवले आणि फडके सोडू लागल्या. कोणी पाहू नये अशी त्यांची धडपड चालली होती.

हेरंबबुवा पाय धुऊन आत निघाले होते. ते थांबले.

"काय शिजलंय?"

कमळाबाईंनी खोटे सांगितले नाही. "अंडं, खिमा, भात, दुधी. टरफलाची पूड." आणि पटकन म्हणाल्या, "आत नाही आणणार, बुवा. इथंच देते."

"चव घेतली होतीत?"

"अगंबाई, मी कशी घेणार?"

"रावांनी?"

"त्यांना हात लावू देत नाही."

बुवांनी उपरणे सावरले. "न चाखता शिजवलं, न उष्टावता आणलं, आणि ज्याचं त्याच्यापुढे ठेवलं. मग हा नैवेद्यच की," ते म्हणाले, आणि चिपळ्या घेऊन आत गेले.

कमळाबाई पायरीवर बसून राहिल्या. आत पेटीने सूर धरला. गजेंद्राने माझ्यात तोंड घातले, आणि मी कीर्तन ऐकले. आरंभापासून आरतीपर्यंत.

मित्रांनो, गजेंद्र पुढे पुष्कळ जगला. पाय थोडे वाकडे राहिले, पण त्या पायांनी त्याने सोसायटीतल्या सगळ्या खारी पळवल्या. फत्तेसिंहरावही जगले, नवसासकट आणि कुरकुरीसकट. आता गजेंद्र नाही. माझ्यात आता गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाणी भरून ठेवतात, आणि कधी विसरले तर मी असे पालथे असते.

तुमच्या दारी एखादा मुका जीव असेल, तर माझे एवढे ऐका. त्याला आपल्या ताटातले देताना आपल्या जिभेला विचारू नका, आपल्या व्रतालाही विचारू नका. जाणत्याला विचारा, मापाने शिजवा, भांडे स्वच्छ घासा, आणि भांडे जुने झाले तर फेकण्याआधी त्यावरचे नाव एकदा वाचा. कांदा, लसूण, बेदाणे दूर ठेवा. मीठ कमी पडले का, हे बघायला बोट बुडवू नका. नैवेद्याची चव बघत नाहीत.